४००० आरपीएमच्या वर गाडी ओढत नाही: पंप, कॅट की इंजिनकाम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १.२ लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक. ९० हजार किलोमीटर झालेली आणि नंतर सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेली. नाशिकमध्ये सीबीएस, कॉलेज रोड, द्वारका अशा शहरातल्या फिरण्यात काहीच तक्रार नाही, आयडलिंग (पेडल सोडलेले असताना इंजिनाचे मंद फिरणे) स्थिर आहे, चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांत ४००० आरपीएमच्या पुढे गाडी ओढेनाशी झाली आहे. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही काटा जागचा हलत नाही आणि समृद्धीवर नव्वदच्या पुढे तिला धाप लागते. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, थ्रॉटल बॉडी (पेडल दाबल्यावर इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून झाली, फरक पडला नाही. आता एक मेकॅनिक पेट्रोलचा पंप बदला म्हणतो, दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा जाळीदार भाग, थोडक्यात कॅट) चोक झाला म्हणतो, तिसऱ्याला इंजिन उघडायचे आहे आणि चौथा म्हणतो की नाशिक उंचावर असल्यामुळे गाड्या अशाच चालतात. यातले आधी काय करावे, हे तुम्हाला हवे आहे.

तुमच्या वर्णनावरून असे दिसते की या चौघांपैकी कोणीही गाडीवर पूर्ण भार असताना एकही आकडा मोजलेला नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. चौघांची कारणे शक्य कोटीतली आहेत, पण उभ्या गाडीकडे पाहून त्यांच्यातून एक निवडणे हा अंदाज ठरतो, आणि तो अंदाज तुमच्या खिशातून जातो.

जोर वरच्या आरपीएमलाच का जातो, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा तपास त्यावर उभा आहे. ८०० आरपीएमच्या आयडलिंगला एका सिलिंडरला हवा ओढायला सुमारे ३७ मिलिसेकंद मिळतात, ६००० आरपीएमला फक्त ५. तुमच्या इंजिनला ६००० वर पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३००० लिटर हवा आत घ्यावी लागते आणि जळलेला वायू तितक्याच तातडीने बाहेर टाकावा लागतो. पेट्रोलचे गणित याहून बोलके आहे: आयडलिंगला तासाला एक लिटरही लागत नाही, पूर्ण ताकदीला तासाला वीस-पंचवीस लिटर लागतात. म्हणजे अर्धवट तुंबलेला फिल्टर, दमलेला पंप किंवा निम्मा बुजलेला कॅट शहरात अजिबात जाणवत नाही, कारण तिथे त्यांच्याकडे फारसे काही मागितलेच जात नाही. जी वाट अरुंद झाली आहे ती मागणी वाढल्यावरच उघडी पडते.

याच कारणाने न्यूट्रलमध्ये रेस देऊन केलेली तपासणी मला मान्य नाही. भार नसताना इंजिन ५००० आरपीएमला सहज जाते, कारण त्यासाठी थ्रॉटल थोडासाच उघडावा लागतो आणि हवा, पेट्रोल, एक्झॉस्ट या तिन्हींचा प्रवाह नाममात्र राहतो. शिवाय काही गाड्यांचा कॉम्प्युटर उभ्या गाडीत आरपीएमला मुद्दाम खालच्या आकड्यावर अडवतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये काटा चढला म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही, आणि अडला म्हणून दोषीही ठरत नाही.

तपासाला लागण्याआधी एक खात्री करून घ्या. काटाच चढत नाही, की काटा चढतो पण वेग चढत नाही? एका ठरावीक गिअरमध्ये आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण कायम राहिले पाहिजे. तिसऱ्या गिअरला ३००० वर जो वेग असतो, त्याच्या सव्वापट वेग ३७५० वर दिसायला हवा. तो दिसत नसेल तर क्लच प्लेट घसरते आहे आणि इंजिनाचा यात काही संबंध नाही. तुम्ही काटा हलत नाही असे लिहिले आहे, म्हणून क्लचची शक्यता कमी वाटते, पण घाटात चिडलेल्या माणसाचे लक्ष काट्यावर असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या वर्णनात नाही: गाडी अडते तेव्हा झटके देते का? झटके, फटफट किंवा थरथर असेल तर प्लग, कॉइल आणि वायरिंगकडे बघावे लागते, कारण पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमधला दाब वाढला की कमकुवत कॉइलला ठिणगी पाडणे जड जाते. अजिबात झटका न देता, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी गुळगुळीत अडत असेल तर वाट तुंबल्याचा किंवा व्हॉल्व्ह टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चुकल्याचा, संशय आधी घ्यावा. पेट्रोल कमी पडते तेव्हा बहुतेक वेळा गाडी जोर सोडते, परत पकडते, पुन्हा सोडते. ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून मी त्यांच्यावर निकाल देत नाही; पण कुठून सुरुवात करायची ते त्यांवरून ठरते.

चौथ्या मेकॅनिकचे म्हणणे इथेच निकालात काढू. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या जरा खाली आहे आणि इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते, हे खरे. पण ती घट सगळ्या आरपीएमला सारखी असते आणि पहिल्या दिवसापासून असते. दोन-तीन महिन्यांपूर्वी नाशिक काही वर सरकलेले नाही.

आता पाहणी. एअर फिल्टर बदलला असे तुम्ही लिहिता, पण फिल्टरच्या अलीकडचे आणि पलीकडचे कोणी पाहिले का? दिंडोरी-पिंपळगावकडून येणाऱ्या, मळ्यात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा प्रकार आम्हाला नेहमी दिसतो. एअर बॉक्सचे झाकण उघडले की नवाकोरा फिल्टर दिसतो, आणि बॉक्सच्या खाली जाणाऱ्या नळीच्या तोंडात उंदराने सुतळीचे तुकडे, कागद आणि वाळलेला पाला कोंबलेला असतो. वरून हात घातला तर लागत नाही, नळी सोडवून उजेडासमोर धरावी लागते. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी होजही दाबून बघा. तो जुना होऊन मऊ पडला असेल तर जोरात हवा ओढली जाताना आत चिमटतो आणि गाडी बंद केली की पुन्हा गोल होऊन निरागस दिसतो. शेवटी गाडी बंद ठेवून पेडल पूर्ण दाबायला लावा आणि थ्रॉटलची चकती खरोखर पूर्ण उघडते का ते पाहा. जुन्या केबलच्या गाड्यांत केबल सैल असते. तुमच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत ही तपासणी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारे यंत्र) करावी, आणि पेडलखाली दुहेरी फूटमॅट अडकत नाही ना हेही पाहावे. हे सगळे फुकटात होते.

यानंतर मुख्य काम: भाराखालची नोंद. साधा ब्लूटूथ स्कॅनर चालेल, पण त्याचा वेग कमी असतो, म्हणून एकाच वेळी पंधरा आकडे मागू नका. आरपीएम, मॅनिफोल्डचा (थ्रॉटलनंतर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब म्हणजे मॅप, कॅटच्या पुढे एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, एवढे पुरे आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून ५५०० पर्यंत, किंवा ती जिथे अडेल तिथपर्यंत जायचे. दुसऱ्या गिअरमध्ये वेग साठ-पासष्टच्या आसपासच राहतो, म्हणून तिसऱ्याचा हट्ट करू नका. चढ असेल तर उत्तम. सिन्नरकडे जाताना मोहदरीचा चढ सकाळी लवकर बरा मिळतो. कसाऱ्यात कंटेनरच्या रांगेत हा प्रयोग करू नका. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, गाडी चालवणाऱ्याने आकडे बघायचे नाहीत; नोंद साठते, ती घरी येऊन वाचायची.

वाचताना पहिला आकडा मॅपचा. इंजिन सुरू न करता किल्ली चालू केली की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, आणि नाशिकमध्ये तो ९४-९५ किलोपास्कल यायला हवा. पुस्तकात १०१ लिहिलेले असते, ते समुद्रसपाटीचे आहे. तो फरक पाहून सेन्सर बदलण्याची घाई करू नका. पूर्ण थ्रॉटलला ५००० च्या पुढे हा आकडा ९० च्या आसपास टिकत असेल तर आत येण्याची वाट मोकळी आहे. आरपीएम चढेल तसा तो ८५, ८०, ७५ असा घसरत असेल तर अडथळा थ्रॉटलमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. मग पंप, कॅट आणि इंजिन तिन्ही सोडून पुन्हा एअर बॉक्सपाशी जा.

मॅप टिकला तर ऑक्सिजन सेन्सर बघा. पूर्ण थ्रॉटलला कॉम्प्युटर मुद्दाम पेट्रोल जास्त सोडतो, त्यामुळे साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.८ ते ०.९ वर जाऊन तिथेच थांबला पाहिजे. गाडी अडते त्याच क्षणी तो ०.२ किंवा त्याखाली कोसळत असेल तर मिश्रण पातळ होते आहे, म्हणजे हवा पुरेशी आहे आणि पेट्रोल कमी पडते आहे. मात्र ठिणगी चुकली तरी न जळलेली हवा या सेन्सरपर्यंत पोहोचते आणि तो मिश्रण पातळ असल्याचेच सांगतो. म्हणून झटके असतील तर या आकड्यावर विसंबू नका. व्होल्टेज ०.९ ला घट्ट बसलेला असेल आणि गाडी तरीही ओढत नसेल, तर पेट्रोल भरपूर आहे आणि पंप बदलून काडीचाही फरक पडणार नाही. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा, थेट लॅम्ब्डा (हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा) दाखवणारा असतो. तिथे १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त आणि १ च्या वर म्हणजे पातळ, असे वाचावे. चौघांच्या वादातला निम्मा भाग या एका आकड्याने मिटतो, आणि त्याला पाना हातात धरावा लागत नाही.

फ्युएल ट्रिमचे वाचन गाडीत हवा कशी मोजली जाते यावर अवलंबून आहे, आणि इथे बरेच चांगले कारागीरही फसतात. ट्रिम आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा अधिक, म्हणजे १०-१५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर हवा कमी दाखवतो आहे. एक्झॉस्ट तुंबला असेल तर दोन प्रकारच्या गाड्या दोन वेगळी उत्तरे देतात. मॅप सेन्सरच्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब भरपूर दिसतो, प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये जुना जळका वायू अडकल्यामुळे नवी हवा कमी शिरते, आणि कॉम्प्युटर दाबावर विश्वास ठेवून पेट्रोल मात्र पूर्ण सोडतो. म्हणून ट्रिम उणे होते. एअर फ्लो मीटरच्या गाडीत प्रत्यक्ष शिरलेली हवाच मोजली जाते, त्यामुळे ट्रिम जवळपास शून्यावर राहते, फक्त हवेचा आकडा त्या आरपीएमच्या मानाने कमी भरतो.

तुमच्याकडे आणखी एक साधन आहे, जे फक्त पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला मिळत नाही. सीएनजी किट म्हणजे टाकीपासून इंजेक्टरपर्यंत पूर्णपणे वेगळी इंधनव्यवस्था. हवा, ठिणगी, व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्ट मात्र दोन्हींना एकच. तुम्ही लिहिले आहे की सीएनजीवर पिकअप आधीच कमी असतो म्हणून तिकडे लक्ष दिले नाही. सीएनजीवर दहा टक्क्यांच्या आसपास जोर कमी असणे स्वाभाविक आहे, तेवढे वजा करा, आणि तोच चढ तसाच चढून बघा. सीएनजीवरही ती त्याच आरपीएमला तशीच अडली तर पेट्रोलचा पंप जवळजवळ सुटला. सीएनजीवर सहज ५००० ओलांडली तर कॅट आणि इंजिन दोन्ही सुटले, दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. सीएनजीवर झटके देत अडली तर कॉइल बघा, कारण गॅसला ठिणगी अधिक जोरदार लागते आणि दमलेली कॉइल तिथे आधी उघडी पडते. या प्रयोगाला एक पैसा लागत नाही, तरी तो क्वचितच कोणी करते.

समजा दोष पेट्रोलच्या बाजूला निघाला, तरी लगेच पंप मागवू नका. प्रेशर गेज लावून भाराखाली दाब मोजावा लागतो. आम्ही लांब होज घेऊन गेज समोरच्या काचेवर बाहेरून, वायपरखाली अडकवतो, म्हणजे पेट्रोलची नळी केबिनमध्ये येत नाही. हे काम घरी करू नका. अशा बहुतेक गाड्यांत हा दाब ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. तो आकडा आयडलिंगला बरोबर आणि चढावर ढासळत असेल तर आधी पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा तिथे अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी मिळत असेल तर रिले किंवा अर्थिंग खराब आहे आणि नवा पंपही तसाच रडेल. सीएनजीच्या गाड्यांत पंप लवकर मरतो तो वेगळ्या कारणाने: टाकीत चार-पाच लिटरच पेट्रोल ठेवण्याची सवय असते, अनेक गाड्यांत गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो, आणि त्याला थंड ठेवणारे पेट्रोलच नसते. आता बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागते, त्यामुळे आधीच काठावर असलेला पंप थोडा लवकर कमी पडतो. इथेनॉलमुळे सगळी इंजिने बिघडली असे जे सरसकट बोलले जाते, त्याच्याशी मी सहमत नाही.

आता कॅट. तुमच्या लांबलचक वर्णनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: चार-पाच महिन्यांपूर्वी एक कॉइल गेली होती आणि ती मिळेपर्यंत गाडी तीन सिलिंडरवरच ऑफिसला नेत होता. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही त्याचे न जळलेले पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन तिथे जळते, आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळून तिची भोके बुजतात. तुमची तक्रार त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू होऊन हळूहळू वाढली आहे. एवढ्यावरून मी कॅट विकत घ्यायला सांगणार नाही, कारण तुम्हाला सुचवलेल्या भागांत तोच बहुधा सर्वांत महाग असेल, पण मोजायला सुरुवात मी तिथून करीन.

मोजायचे असे: पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या १८ मिलिमीटरच्या आट्यांत अडॅप्टर बसवायचा, त्याला हातभर तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला कमी दाबाचे गेज. रबरी नळी थेट लावली तर वितळते. इंजिन गरम असताना आयडलिंगला सव्वा पीएसआय (दाबाचे एकक) आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआय ही आम्ही वरची मर्यादा मानतो. उभ्या गाडीत आकडा स्पष्टपणे वर गेला तर निकाल लागला. काठावर आला तर मात्र समाधान मानू नका, कारण उभ्या गाडीत प्रवाह कमी असतो. मग हेच गेज लावून चढावर जावे लागते. मॅनिफोल्डला लावलेल्या व्हॅक्यूम गेजनेही अंदाज येतो: कॅट बुजलेला असेल तर २५०० वर धरून ठेवल्यास काटा मिनिटभरात हळूहळू खाली सरकतो. तिथेही नाशिकचे आकडे पुस्तकापेक्षा पाऱ्याच्या दोन इंचांनी कमी येतात, हे लक्षात ठेवा. कॅटवर रबरी हातोडीने ठोकून आतून खुळखुळ ऐकू आली तर जाळी फुटलेली आहे; न आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, वितळलेली जाळी गप्प बसते.

कॅट बुजलेला निघाला की कोणीतरी तो आतून पोकळ करून देतो असे नक्की सांगेल. ते करू नका. ते बेकायदा आहे, मागचा सेन्सर दिवा लावतो, आणि धूर तुमच्याच गल्लीत राहतो.

इंजिन उघडण्याची मला सगळ्यांत कमी घाई आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गळत असतील तर जोर प्रथम खालच्या आरपीएमला जातो, कारण गळायला तिथे जास्त वेळ मिळतो. वरच्या आरपीएमला ती गळती उलट कमी जाणवते. तुमचे आयडलिंग स्थिर आहे आणि शहरातला पिकअप ठीक आहे, म्हणजे चित्र नेमके उलटे आहे. व्हॉल्व्ह टायमिंगचा प्रश्न वेगळा. चेन सैल होऊन एखादा दात सरकला किंवा व्हीव्हीटीचा (चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल व्हॉल्व्ह अडकला तर वरचा जोर जाऊ शकतो, पण तो बहुधा एकाएकी जातो आणि बऱ्याचदा कॉम्प्युटरमध्ये दोषाचा कोडही सोडतो. पेट्रोल, आत येणारी हवा आणि एक्झॉस्ट तिन्ही निर्दोष ठरले तरच टायमिंगच्या खुणा जुळवायला कव्हर काढा.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा ठेवीन: आधी एअर बॉक्स आणि होज, मग तोच चढ पेट्रोलवर आणि सीएनजीवर, सोबत स्कॅनरची नोंद, आणि ऑक्सिजन सेन्सर ०.९ वर टिकत असेल तर थेट एक्झॉस्टचा दाब. कॅट बदलायची वेळ आली तर त्याआधी चारही कॉइल आणि ऑइल पिण्याचे प्रमाण तपासून घ्या, नाहीतर नवा कॅटही त्याच वाटेने जाईल. जाळीचे तुकडे मागे सायलेन्सरमध्ये गेलेले नाहीत ना, हेही पाइप सुटलेला असतानाच पाहून घ्या.

नोंदीचे आकडे आल्यावर कळवा. त्यासोबत गाडीत मॅप सेन्सर आहे की एअर फ्लो मीटर, आणि सीएनजीवर ती नेमकी कितीला अडली, एवढे लिहिले तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.